या कामाला परमिट नाही

१४ फेब्रुवारी, हेग

नाही म्हणाला! तोंडावर नाही म्हणाला!

केवढ्या तोऱ्यात मी माझं स्पेनचं कार्ड टेबलावर ठेवलं होतं. वाउटने ते उलटंपालटं करून पाहिलं आणि परत माझ्याकडे सरकवलं. हा वाउट म्हणजे लाल दिव्यांच्या या गल्लीतल्या डाव्या अंगाच्या सगळ्या खिडक्यांचा मालक. डच माणूस, पण स्पॅनिश शिकलाय आमच्या बायकांकडून, त्यामुळे बोलतो अगदी आमच्या गावच्या, आसुआच्या बाजारातल्या केळीवाल्यासारखा.

"बाई, हे कार्ड स्पेनमध्ये राहण्यापुरतं. पासपोर्ट कुठाय?"

मी डोमिनिकन पासपोर्ट काढला.

"हा नाही. युरोपातल्या देशाचा."

"मग परमिट काढून द्या ना! आचाऱ्यांना देतात, नर्सना देतात."

"त्यांना देतात. या कामाला देतच नाहीत. कुणालाच नाही. काम कायदेशीर आहे, मी टॅक्स भरतो, तुझी बहीण टॅक्स भरते. पण बाहेरच्या बाईला या कामासाठी परमिट, असा प्रकारच नाही. तुला आत बसवलं तर उद्या माझं लायसन्स जाईल."

म्हणजे काम चालतं, बाई चालत नाही! काय डोकं चालवलंय!

बाहेर आल्यावर इव्हेलिसवर भडकले. माझी मावसबहीण. नऊ वर्षं याच गल्लीत खिडकीत बसते. म्हटलं, "तूच म्हणालीस, ये म्हणून!" तर म्हणते, "अगं बये, मला काय माहीत तुझ्याकडे नुसतं कार्ड आहे? इतकी वर्षं स्पेनमध्ये काय गवत उपटत होतीस?" तिचा स्पेनचा पासपोर्ट कधीच झाला. माझा नागरिकत्वाचा अर्ज दोन वर्षं कुठल्यातरी कपाटात पडलाय.

चूक माझीच. पण आमच्यातली प्रत्येक बाई हीच चूक करते. मधे सरहद्द नाही, पोलीस नाही, बसमधून थेट इथवर येता येतं – मग कार्ड चालणारच असं वाटतं!

१६ फेब्रुवारी

परत जाऊन तरी काय करू? माझी म्हातारी मालकीण, दोन्या एन्कार्ना, नोव्हेंबरमध्ये गेल्या. सात वर्षं त्यांचं अंग पुसलं, औषधं दिली, केस विंचरले. मातीवरून परत आलो आणि त्यांच्या मुलाने त्याच आठवड्यात घराचं कुलूप बदललं. तिथे सारागोसात कामाला दुसरं घर मिळेना.

तिकडे आसुआत आई आणि माझी पोर यानिबेल माझ्याच पैशांवर. यानिबेलला वाटतंय मी अजून म्हातारीकडेच आहे. आज फोनवर विचारत होती, कशा आहेत गं त्या? म्हटलं, झोपल्यात. खोटं तरी काय त्यात!

२० फेब्रुवारी

इव्हेलिस दिवसभर गल्लीत असते. फ्लॅट रिकामा. फोनवर जाहिरात टाकली. फोटो टाकला, चेहरा नाही टाकला.

तीन महिने पाहुणी म्हणून राहायला कार्ड चालतं. राहायला. बाकी आपलं झाकून.

२ मार्च

आज एकाने मनगट पिरगाळलं. कामाच्या आधी गोड गोड बोलत होता, काम झाल्यावर रंग बदलला. म्हणाला, "तू कुठे खिडकीवाली आहेस? बोलाव ना पोलीस. बोलाव!" फोन माझ्या हातात द्यायला लागला. हसत होता मेला. पैसे न देता तसाच निघून गेला.

खिडकीत पलंगाशी बटण असतं. दाबलं की शेजारच्या चौघी, वाउटचा माणूस आणि मागोमाग पोलीस. ज्यांच्याकडे पासपोर्ट आहे त्यांना बटण. माझ्याकडे इव्हेलिसची इस्त्री होती, तीही दुसऱ्या खोलीत.

इव्हेलिसने संध्याकाळी हाताला मलम चोळलं आणि त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी रडले नाही. मग भांडी घासताना उगीचच रडले.

१३ मार्च

मिळालं! मिळालं मिळालं मिळालं!

सारागोसाचा वकील स्वतः फोनवर: "सेन्योरा नूरिस, मंजूर झालं." मी बाथरूममध्ये होते, तशीच खाली बसले. पण अजून पासपोर्ट नाही. आधी शपथ. राजाशी आणि घटनेशी इमान राखीन अशी. शपथ झाली की मी स्पेनची.

आणि मग खरी गोष्ट सांगितली त्याने. शपथेच्या दिवशी यानिबेल अठराच्या आत असेल तर माझ्यामागोमाग तिलाही नागरिकत्व मागता येतं. एकदा अठरा झाले की मी कुणीही झाले तरी ती तिथेच राहिली – तिचा तिने वेगळा मार्ग शोधायचा.

यानिबेलला अठरा पूर्ण होतात नऊ मे रोजी. सरकारी कचेरीतली तारीख मिळते जूनमधली! मी फोनवरच ओरडले. वकील म्हणाला, थांबा, घाबरू नका, नोटरीकडे पण घेता येते, मी बघतो. संध्याकाळी निरोप आला. २७ एप्रिल.

पण फोन ठेवता ठेवता म्हणाला, "तोपर्यंत कसलंही लफडं नको. पोलिसांत नाव गेलं तर हे सगळं पुन्हा उघडतील, चौकशी होईल, आणि मे कधी गेला कळणार नाही."

त्याला माहीत नाही मी काय करते. की माहीत आहे?

२२ मार्च

बंद करावं म्हणते. पण यानिबेलची परीक्षेची फी, आईच्या गोळ्या. आठवड्यातून दोन-तीनच घेईन. नीट आवाज ऐकून घेईन.

जिना वाजला की आधी दिवा बंद करते. काल वरच्या मजल्यावरचा तुर्की म्हातारा पिशव्या घेऊन चढत होता आणि मी दाराआड श्वास रोखून उभी!

५ एप्रिल

आज एकाशी बोलले, मोडकंतोडकं स्पॅनिश, पण सभ्य वाटला. शुक्रवारी तीनला या म्हटलं, पत्ता दिला. फोन ठेवला तर इव्हेलिस कंबरेवर हात ठेवून समोर उभी.

"कुठला शुक्रवार गं?"

जीभ चावली. पवित्र आठवड्यातला शुक्रवार! म्हणजे येशूचा! इथे थंडीत सगळे वार सारखेच वाटतात.

"आसुआत असतीस तर आईने चपलेनं हाणलं असतं," म्हणे. खरंच हाणलं असतं.

७ एप्रिल

अजून हसू येतंय. सगळं लिहून ठेवते.

गुड फ्रायडेला आमच्यात कुणी काही करत नाही. झाडू मारायचा नाही, खिळा ठोकायचा नाही, नदीत उतरायचं नाही – उतरलं तर मासा होतो. आणि ते तर मुळीच नाही! नवराबायकोनेही नाही. दोघं चिकटून बसतात, सुटतच नाहीत. लहानपणापासून ऐकलंय. आमच्या शेजारच्या गावात म्हणे एक जोडपं चादरीत गुंडाळून बैलगाडीतून पाद्र्याकडे न्यावं लागलं होतं. खरं खोटं देव जाणे, पण त्या दिवशी कोण कशाला परीक्षा बघेल? गल्लीतल्या सगळ्या डोमिनिकन बायकांचे पडदे बंद. ईस्टरची सुट्टी, रस्ता गिऱ्हाइकांनी फुललेला आणि वाउट दरवर्षी कपाळाला हात लावून बसतो.

तर सकाळी मी त्या माणसाला फोन केला. येऊ नका म्हणून सांगितलं.

"का? आपलं ठरलंय."

"आज गुड फ्रायडे आहे."

"मग?"

मग म्हणे! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मग काय मग? लाज नाही वाटत? देव आज क्रुसावर आणि तुम्हाला हे सुचतंय? चिकटून बसाल म्हणजे कळेल! आईकडे जा, दोन घास मासा खा, गुडघे टेका. आज माझ्या दारात पाय ठेवलात तर याद राखा!" आणि ठेवला फोन. इव्हेलिसने टाळ्या वाजवल्या.

मग गोड राजमा. तो तर या दिवसांत व्हायलाच हवा. राजमा काल भिजत टाकलेला. शिजवला, वाटला, गाळला, नारळाचं दूध, रताळ्याच्या फोडी, बेदाणे, लवंग, दालचिनी. पातेलं एवढं मोठं की दोन चुली लागल्या. गल्लीतल्या तिघी आल्या होत्या आपापले डबे घेऊन, कारण हा राजमा एकमेकींकडे पोचवावाच लागतो. इव्हेलिसच्या डोक्यात रोलर, माझ्या अंगावर तिचा जुना झगा आणि वर अ‍ॅप्रन. एकजण मिठाचं प्रमाण चुकलं म्हणून ओरडतेय, दुसरी म्हणतेय रताळं आधी घालायचं असतं.

बरोबर तीनला बेल वाजली.

इव्हेलिसने दार उघडलं. पोलीस. एक बाई आणि एक तांबड्या दाढीचा, दोघं साध्या कपड्यांत, गळ्यात ओळखपत्रं. डाव तसाच माझ्या हातात, त्यातून राजमा टपटप फरशीवर.

सगळ्यांची कार्डं मागितली. चौघींचे पासपोर्ट – ठीक. माझं कार्ड बाईने हातात ठेवून घेतलं. तांबड्या दाढीने खिशातून फोन काढला आणि कुठलातरी नंबर लावला.

माझा फोन ओट्यावर वाजायला लागला.

राजमा रटरटतोय आणि फोन वाजतोय. मला डोळ्यांसमोर फक्त यानिबेल दिसत होती. मी मनात म्हटलं, संपलं! माझ्या हाताने मी पोरीचं नशीब घालवलं!

"सकाळी मला शिव्या दिल्या त्या तुम्हीच ना?" तांबडी दाढी म्हणाली. तेच मोडकं स्पॅनिश!

"शिव्या नाही दिल्या," माझ्या तोंडून निघालं. "समजावलं."

"तुम्ही इथे काम करता?"

"आज?" इव्हेलिस मधे पडली. "आज कोण काम करतं? तुमच्यात करतात का?"

बाईने विचारलं, हे चिकटण्याचं काय आहे, माझा सहकारी सकाळपासून सगळ्यांना सांगत सुटलाय. तर इव्हेलिसने दोन्ही तळहात थाडकन एकमेकांवर आपटले आणि सोडवून दाखवायला लागली – सुटेनात, ओढतेय, सुटेनात, रोलर हलतायत! त्या तिघी खिदळायला लागल्या. पोलीसबाईने आधी खिडकीबाहेर पाहिलं, मग तिलाही आवरेना. तांबड्या दाढीचे कानसुद्धा तांबडे.

मग पोलीसबाई गंभीर झाली. खोल्या पाहून आली. पलंगावर आमचे कोट आणि डबे. ती म्हणाली, "बोलावलं होतं, पण तुम्ही स्वतःच नको म्हणालात. इथे पैसे नाहीत, गिऱ्हाईक नाही. मला लिहायला काही नाही. पण सेन्योरा, मी मूर्ख नाही. ही जाहिरात आजच्या आज काढा. पुढच्या वेळी राजमा शिजत नसेल, आणि मग तुम्हाला विमानात बसवण्यावाचून माझ्याकडे दुसरा मार्ग नसेल."

माझं कार्ड तिने माझ्या हातात दिलं. माझा जीव भांड्यात पडला – खरं म्हणजे पातेल्यात!

जाताना इव्हेलिसने दोघांना वाटीवाटी राजमा दिला, वर दुधाची बिस्किटं. नको नको म्हणाले. रिकाम्या हाताने पाठवायची पद्धत नाही आमच्यात. तांबड्या दाढीने जिन्यातच उभं राहून खाल्ला आणि वाटी आणून दिली.

८ एप्रिल

जाहिरात काढली. इव्हेलिस म्हणाली, "शपथेपर्यंत माझ्या ताटात जेव. आणि यानिबेलची फी मी भरतेय, तोंड उघडशील तर बघ."

नाही उघडलं.

२७ एप्रिल, सारागोसा

झाली शपथ!

नोटरीचं ऑफिस म्हणजे दाताच्या डॉक्टरचं असतं तसं. कुंड्या, मासिकं. मला वाटलं होतं झेंडा असेल, दिवे असतील, काहीतरी वाजेल. चष्मेवाली एक बाई पुढ्यात आली आणि विचारलं, राजाशी आणि घटनेशी इमान राखाल का? मी इतक्या जोरात "हो" म्हटलं की बाहेरचा शिपाई डोकावला.

म्हटलं, बाई, झालं? "झालं." नक्की? "नक्की." मुलगी अजून अठराची नाही, चालेल ना? तिने तारीख पुन्हा पाहिली, म्हणाली, "वेळेत आहात." रस्त्यावर येऊन मी एका अनोळखी म्हाताऱ्याला मिठी मारली. तो बिचारा ब्रेड घेऊन चालला होता.

यानिबेलला फोन केला. दोघी नुसत्या ओरडत होतो. मागून आई विचारतेय, कोण मेलं?

दोन्या एन्कार्नांच्या थडग्यावर फुलं ठेवून आले. मुलगा कसाही असो, त्यांनीच माझी पहिली कागदपत्रं केली होती.

९ मे

यानिबेल अठरा वर्षांची झाली. होऊ दे! आता कितीही मोठी होऊ दे!

१८ जुलै, हेग

पासपोर्ट हातात आला. त्यातला माझा फोटो चोरासारखा आहे, तरी दहादा उघडून पाहिला.

दुपारी थेट वाउटकडे. टेबलावर ठेवला. उलटापालटा केला नाही, उभा राहून हात पुढे केला. "आता बोल!" म्हणाला.

मग त्याचे प्रश्न. ते प्रत्येकीला विचारावेच लागतात त्याला. स्वतःच्या मर्जीने करताय का? कुणी जबरदस्ती करतंय का? पैसे कुणाला द्यावे लागतात का? गिऱ्हाइकाला नाही म्हणता येतं हे माहीत आहे का? म्हटलं, नाही म्हणता येतं का ते त्या तांबड्या दाढीला विचारा.

पण मर्जीचा प्रश्न डोक्यात राहिला. आता हा पासपोर्ट असताना मी कुठेही काम करू शकते. हॉटेलात, हॉस्पिटलात, कुठेही. इव्हेलिसही म्हणाली, नीट विचार कर, मी तुला ओढून नेणार नाही. मी विचार केला. सात वर्षं दुसऱ्याच्या घरात चोवीस तास राहिले, रविवारी दुपारी चार तास सुट्टी. मला माझ्या दाराची किल्ली माझ्याकडे हवीय. यानिबेलच्या कॉलेजपर्यंत तरी. वाउटला म्हटलं, मर्जीने. लिहा.

२० जुलै

पहिला दिवस. लाल दिव्यात माझे पाय बरे दिसतात की!

पोलीस आले, कागद तपासायला. मी सवयीने आधी पडद्याआड सरकले, मग पासपोर्ट पुढे केला. त्याने पाहिलं, "धन्यवाद, बाई," म्हणाला आणि पुढच्या खिडकीकडे गेला. एवढंच! यासाठी मी जिन्यावरच्या पिशव्यांना घाबरत होते.

२९ जुलै

तो आला. मनगटवाला. काचेतून आधी ओळखलं नाही त्याने. मी दार उघडलं, तो आत आला आणि मग त्याच्या लक्षात आलं. "अच्छा, तू? इथे बसायला लागलीस?" आणि पुन्हा तसाच हसत हात धरला.

मी बटण दाबलं.

आई गं! काय आवाज तो! डावीकडून इव्हेलिस कमरेला टॉवेल आणि हातात चप्पल, उजवीकडून हंगेरीची धिप्पाड ईल्दिको, समोरून दोघी कोलंबियन, तीन भाषांत शिव्या. वाउटचा माणूस पोचेपर्यंत तो भिंतीला चिकटून उभा होता आणि म्हणत होता, गैरसमज झाला, गैरसमज झाला. पोलीस आले. मी तक्रार दिली – मार्चची पण. स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं. घेणाऱ्याने नीट लिहून घेतलं, मधे पाणी दिलं.

घरी येऊन झोपले ती सकाळीच उठले. इतकी गाढ झोप हेगमध्ये पहिल्यांदाच लागली.

१२ सप्टेंबर

यानिबेलचा व्हिसा आला! आईकडे राहायला येणारी मुलगी म्हणून, पैसेही घेतले नाहीत. तिचं स्पेनचं नागरिकत्व सावकाश होईल, पण अर्ज आत गेलाय, आता कुणी काढू शकत नाही. तीन ऑक्टोबरचं विमान.

सगळं मिळालं, एक सांगायचं तेवढं राहिलं. गेल्या महिन्यात तिला सांगितलं, दोन्या एन्कार्ना गेल्या, मी हेगला आले. "काय काम करतेस?" म्हणाली. मी म्हटलं, ऐकू येत नाहीये, रेंज नाहीये.

३० सप्टेंबर

इव्हेलिसने सगळी गोष्ट रचलीय. मी सलूनमध्ये आहे. मालकीण सुरिनामची, नाव ग्लाडिस, स्वभावाने तापट. शनिवारी गर्दी असते म्हणून उशीर होतो. पोर सलून बघायला येते म्हणाली तर? "तर सांग, मालकिणीला कुत्र्याची अ‍ॅलर्जी आहे." अगं, यानिबेल काय कुत्रं आहे? हसून हसून पोट दुखलं दोघींचं.

पण तिच्याशी खोटं बोलायचं म्हणजे अंगावर येतं. अठरा वर्षांची आहे आता. खरं सांगितलं आणि तोंड फिरवून परत गेली तर? तिच्यासाठी एवढं सगळं केलं, आणि तीच गेली तर?

नाही. ग्लाडिसच बरी.

३ ऑक्टोबर

आली! माझ्यापेक्षा उंच झालीय. तिच्या केसांना आमच्या घराचा वास येतोय.

विमानतळावरून ट्रेनमध्ये बसल्या बसल्या मी पढवलेलं सगळं धडाधडा सांगून टाकलं. सलून, ग्लाडिस, शनिवारची गर्दी. तिने मधे एकदाही टोकलं नाही. माझा हात तेवढा मांडीवर घेऊन बसली. हेग आलं, गाडी थांबली, बॅग तिनेच उचलली.

"आई, आजीला मी काही बोललेले नाही," ती म्हणाली. "पण घरी जायच्या आधी मला तुझी खिडकी दाखव."